बोंबलांच्या राखणीचा मुखवटा

पहिल्या वेळी शेक संपले तेव्हा मी तो मुखवटा मागून घरी आणला. कॅन्सर गालाच्या आत होता. रेडिएशनला आमच्या कोळीवाड्यात शेकच म्हणतात. मान हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली जाळी तोंडावर दाबतात, ती गार झाली की आपल्या चेहऱ्याची होऊन बसते, आणि मग तिच्यासकट आपल्याला टेबलाला जखडतात.

असा माझा तो चेहरा मी बोंबील वाळत घालायच्या बांबूवर टांगला. कावळे येईनात. शेजारणींना सांगत सुटले, "बघा, मला बघून यमपण पळाला!" काय तो तोरा! आज ती तेव्हाची मी भेटले तर तिच्या तोंडात ओला जवळा कोंबेन.

कारण यंदा गाठ परत आली. त्याच बाजूला, कानाखाली. ऑपरेशन जमणार नव्हतं. डॉक्टरीणबाई हळू बोलली, "आजी, एकदा भाजलेल्या जागेवर परत शेक द्यायचाय. गाठ दबेल कदाचित. पण गिळणं कायमचं बंद पडू शकतं, मानेतली मोठी शीर फुटू शकते. नाही दिला तर गाठ वाढतच जाणार."

त्या रात्री सुनेनं कालवलेला मऊ भात मी एकेक घास गळ्यावर हात ठेवून गिळला. हा शेवटचा तर नव्हे? सकाळी म्हटलं, घेते शेक.

मुखवट्याच्या मापाला जाताना बांबूवरचा जुना काढून पिशवीत घातला. तयार असताना नवा कशाला? मापं घेणाऱ्या पोरानं तो नाकाशी नेला आणि हसला.

"आजी, सुकटीत ठेवलेला का?"

"मग काय, देव्हाऱ्यात ठेवू?"

गंमत म्हणून त्यानं तो माझ्या तोंडावर ठेवला. गाठीच्या बाजूला बसेचना. दुसऱ्या बाजूला गाल असा आत गेलेला की जाळीखाली त्याची बोटं सहज शिरली. तो हसायचा थांबला. मीही.

"चेहरा बदललाय, आजी. नवा करावा लागेल."

नवी ओली, गरम जाळी तोंडावर आवळली. थुंकी साचली, गिळवेना. कानाखाली शीर ठोके देत होती. पहिल्या वेळी हिचा मला पत्ताही नव्हता. आता प्रत्येक ठोक्याला वाटे, फुटली!

परतताना लाँचमध्ये सून म्हणाली, "आये, सोमवारपासनं शेक. ह्यो नवा मात्र घरी आणायचा न्हाय हां. कावळ्यांना एक पुरं हाय."

"नको आणू. मला आण."

ती धक्का येईपर्यंत माझा पदर मुठीत धरून बसली. एरवी मी ओरडले असते, चुरगळतो म्हणून.