आबांची घोंगडी

घरात आजारपण आलं, की कोनाड्यात औषधांच्या बाटल्या साचतात. किस्सेही तसेच साचतात. बाटल्या निदान फेकता तरी येतात! आमच्याकडच्या किश्श्यांत येडा बहुतेक मीच. मी हट्टा गावात मास्तर. वडील, म्हणजे आबा, शेळ्या राखायचे.

नांदेडच्या डॉक्टरांनी आबांचा पोटाचा कॅन्सर पाहून सांगितलं, "आता घरीच न्या." माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, गौरीला, हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "आबांनी ठेचा जास्त खाल्ला, म्हणून पोट दुखतंय."

लगेच शाळेच्या फाटकात एक आई उभी! "सर, तुमच्या पोरीनं काय सांगून ठेवलं? आमचं लेकरू ठेच्याला हात लावून न्हाई राहिलं! मी काय रोज पनीर करू का?"

*

बहिणीला, आक्काला, फोनवर बजावलं, "गौरीसमोर रडायचं नाही." ती सासरहून, जवळा बाजारहून, हसतच आली. दारातून आबांचे वाळलेले पाय दिसले आणि तिनं असा हंबरडा फोडला, की सगळी गल्ली गोळा झाली. शेजारचे काका तर मयतीला निघाल्यासारखे डोक्याला रुमाल बांधूनच हजर!

काठी टेकत आबा बाहेर आले. "काहून रडून राहिले? कोन गेलं?"

काका रुमाल सोडत म्हणाले, "कोनी न्हाई, आबा. सहज आल्तो. चहा ठिवा."

*

पालकसभेत मी भाषण ठोकलं, "लेकरांपासून काही लपवू नका. त्यांना सगळं कळतं!" टाळ्या पडल्या. घरी येताना गाडीवर मागून गौरीनं विचारलं, "पप्पा, आबा मरनार हायेत का?"

मी म्हणालो, "घट्ट धर, पुढं खड्डा आहे."

रस्ता नुकताच झाला होता!

*

आबांची म्हातारी शेळी मेली. मी गौरीला ठोकून दिलं, "बाजारात विकली."

"मेलेली शेळी कोन घेतं, पप्पा? तिचा जीव जाईपर्यंत मी अन् आबाच तर बसलो होतो तिच्यापाशी. आबा म्हनले, एकलं सोडायचं नसतं."

खरं सांगतो, पोरगी रडेल ही भीती नव्हतीच. आबा जाणार, हे माझ्याच तोंडून निघत नव्हतं.

*

आबा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचे कपडे, अंथरूण देऊन टाकायला काढलं, तर शेळ्या राखताना पांघरायची घोंगडीच सापडेना. शोधत शोधत मी गोठ्यात गेलो. आबा गेल्यापासून शेळ्या पाल्याला तोंड लावत नव्हत्या. आता सगळ्या निवांत रवंथ करत होत्या आणि त्यांच्या मधोमध घोंगडी पांघरून गौरी बसली होती.

मी तीन दिवस पाठ केलेलं वाक्य काढलं, "बेटा, आबा ना... आता..."

"मला माहीत हाये," ती म्हणाली. "आबानंच सांगितलं होतं. म्हनले, मी मेल्यावर शेळ्या बिचकतील. त्यांना माझा वास वळखू येतो. तवा ही पांघरून त्यांच्यात बसत जा."

मग तिनं घोंगडीचं एक टोक उचललं.

"अन् म्हनले, तुझा बापबी बिचकल. त्यालाबी आत घे."

शेळीला जरा सरकवून मी आत शिरलो.