धोतऱ्यावरचं टमाटर

हे प्रकरण मनात आलं की आजही माझा गोंधळ उडतो. गुन्हेगारच नसलेला गुन्हा माझ्या वाट्याला तेवढा एकच आला.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला, की सुनेने घरच्यांना जेवणातून धोतरा घातला. सासू, सासरा आणि नवरा ग्रामीण रुग्णालयात होते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, तोंड कोरडं. सासरा तर हवेतून काहीतरी वेचत होता. डॉक्टर म्हणाले, लक्षणं धोतऱ्याचीच. स्वयंपाक सुनेने केला होता आणि न जेवलेली तीच एकटी. संशयाला आणखी काय लागतं?

घराची झडती घेतली, पंचनामा केला. धोतऱ्याचं बी सोडा, पानही सापडलं नाही. सुनेला चौकशीला बोलावलं. कडेवर तान्हं मूल.

"जेवली काऊन नाहीस?" मी दरडावलं.

"उपास होता जी. मी कायले जहर घालू? माह्या पोराचा बापच मेला असता ना!"

उत्तर सरळ होतं, पण सरळ उत्तरं देणारे बदमाशही मी पुष्कळ पाहिले होते. अटक करावी तर पुरावा नाही, सोडून द्यावं तर गाव ऐकणार नाही. तिला माहेरी राहायला सांगून मी रोज ठाण्यात बोलवत राहिलो. मूल रडायला लागलं की माझंच डोकं फिरायचं.

अशीच ती समोर बसलेली असताना फोन आला. बरा होऊन घरी गेलेला सासरा पुन्हा हवा वेचू लागला होता. आता आली का पंचाईत! सून माझ्यासमोर, मग घातलं कोणी?

तडक गावात गेलो. त्याने काय खाल्लं, असं सासूला विचारलं.

"काही नाही जी. सांदवाडीतले टमाटर तोडले न मीठ लावून खाल्ले."

पहिल्या दिवशीही त्याच टमाटरची चटणी होती. परसात जाऊन पाहिलं. झाड जोमदार, फळं लालबुंद. बुडाशी चिंधी बांधलेली आणि चिंधीखालून नव्याने फुटलेली पानं मात्र धोतऱ्याची.

सासरा शुद्धीवर आल्यावर वर कौतुकाने म्हणाला, "दरसाल झाड मरून राहिले होते साहेब. धोतरा कुठं मरते? म्हून त्याच्यावर कलम बांधलो."

गोंदियाच्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठलं. ते म्हणाले, "साहेब, धोतऱ्याचं विष मुळांमध्ये तयार होतं आणि रसाबरोबर वर चढतं. कच्च्या टमाटरात त्याचं स्वतःचंही थोडं विष असतं, पण फळ पिकताना झाड ते मोडून टाकतं. हे परकं विष मोडणं त्याला जमत नाही. ते फळात साठून राहतं." तीनदा ऐकलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आलं.

तेव्हापासून 'कोणी घातलं' हे विचारण्याआधी, कोणी घातलं तरी आहे का, हे मी आधी पाहू लागलो. प्रकरण बंद झालं, सून सासरी परतली.

काही महिन्यांनी त्या बाजूला गेलो तेव्हा सासऱ्याने आग्रहाने जेवायला बसवलं. सुनेने ताटं वाढली, मग कढईतला एक घास सगळ्यांसमोर खाल्ला. ती गिळेपर्यंत कोणी ताटाला हात लावला नाही.

"हे काऊन?" मी विचारलं.

"सांगतलं कोणी नाही जी. पण मी खाल्ल्याबिगर कोणी सुरूच नाही करत."

सासरा मान खाली घालून भात कालवत राहिला. अहवाल मीच त्या घरात मोठ्याने वाचून दाखवला होता. तो पुन्हा वाचावा की गुपचूप जेवावं, मला कळेना.