चांदी पुन्हा काळी करताना

आखातातल्या समैस्माच्या ज्या व्हिलात मी घराची देखरेख करते, तिथल्या काचेच्या कपाटाची किल्ली माझ्या हाती यायला तीन वर्षं लागली. कपाटात मॅडमच्या सासूबाईंनी दिलेली युरोपातली जुनी चांदी आहे. रोकोको शैलीची, असं मॅडमनी सांगितलं. म्हणजे एकही रेघ सरळ नाही. शिंपले, वळलेली पानं, लाटा, आणि डावी बाजू उजवीसारखी नाही. सूपच्या मोठ्या भांड्याच्या झाकणावर तर फ्लॉवरचा गड्डा आणि त्याला टेकलेली कुर्ली, म्हणजे खेकडा, सगळं चांदीचं. आमचे स्वयंपाकी रत्नागिरीचे, त्यांना मी भाई म्हणते. ते बघून म्हणाले, "कुर्ली झाकणावर नि आत मसुरीचं सूप. ही फसवणूक आहे, ताई."

किल्ली मिळाली त्याच आठवड्यात, शुक्रवारी सासूबाई जेवायला येणार म्हणून मी ते भांडं घासायला घेतलं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाआधी देवाची चांदी पांढऱ्या दंतमंजनाने लख्ख करतात. खाचेत काळं राहिलं तर घासणारी आळशी ठरते. जुना टूथब्रश घेऊन मी पानापानातलं काळं काढलं. दोन तासांनी भांडं नव्या स्टीलसारखं चमकलं आणि मी खूश झाले.

मॅडम ते बघून खुर्चीत बसल्याच. "ते काळं मुद्दाम ठेवलेलं असतं," त्या म्हणाल्या. "त्यानेच नक्षी उठते. आता कुर्ली कुठे आहे, दाखव."

खरंच, कुर्ली आणि फ्लॉवर मिळून एकच गोळा दिसत होता.

"सासूबाई विचारतील, किल्ली कोणाकडे आहे. काय सांगू?"

"माझ्याकडे आहे म्हणून सांगा. पण आज बुधवार आहे. मला एक दिवस द्या."

"उद्या संध्याकाळपर्यंत. नाही जमलं तर किल्ली परत दे."

लहानपणी आई चांदीच्या चमच्याने अंडं खाऊ देत नसे, चमचा काळा पडतो म्हणून. ते आठवलं आणि मी भाईंना डझनभर अंडी उकडायला लावली.

"किती माणसं येणार?"

"माणसं नाहीत. भांड्यासाठी हवीत."

"आधी गोरं केलंस, आता काळं करतेस," भाई अंडी सोलत म्हणाले. "ब्यूटी पार्लर काढ गो."

कुस्करलेली अंडी वाट्यांत भरली, त्या भांड्याभोवती प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात ठेवल्या आणि डबा टेपने बंद केला. सकाळी उघडला तर भाई नाक धरून अंगणात गेले. चांदी मात्र छान काळपट झाली होती. भांडं धुऊन मी मऊ कापडाने फक्त उठावाचे भाग पुसले. एकदा पुसायचं, दोन पावलं मागे जाऊन बघायचं. दुपारपर्यंत कुर्लीचे पाय सुटे दिसायला लागले.

मॅडमनी झाकण खिडकीशी नेऊन फिरवलं. "आधीपेक्षा जरा काळं आहे."

"आणखी पुसू?"

"नको. हात लावू नकोस."

शुक्रवारी सासूबाईंनी दोनदा सूप घेतलं आणि भांड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आमच्या कामात यालाच शाबासकी म्हणतात.

शनिवारी मॅडम टॉवेलात काहीतरी गुंडाळून स्वयंपाकघरात आल्या. आत मेणबत्त्यांचे दोन स्टँड, आरशासारखे चकचकीत.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी मी स्वतः घासले," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हापासून माझ्या कपाटात कपड्यांच्या मागे आहेत. सासूबाईंना सांगितलंय, फार मौल्यवान आहेत म्हणून कुलपात ठेवलेत."

मी विचारलं, "कधीपर्यंत हवेत?"

"ईदच्या आधी."

भाईंनी अंड्यांचं पातेलं गॅसवर चढवलं.