तलावाकडे तोंड करून

पनवेलला आमच्या घराच्या मागच्या दारातून माथेरानचा डोंगर दिसत असे. सकाळी सूर्य त्याच्या आडून वर यायचा आणि पावसाळ्यात तो डोंगर दिवसेंदिवस ढगात बुडून जायचा. पापड वाळत घातले की आई आधी त्या डोंगराकडे बघायची आणि मगच आत जायची. पण तिथं आपण जावं, असं आमच्या घरात कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं. मुंबईचे पैसेवाले लोक तिथं हवा खायला जातात, एवढंच ऐकून होतो.

मी बी.ए. होऊन गावातल्याच हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलो, त्याच वर्षीच्या श्रावणात आईला टायफॉइड झाला. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, बैलगाड्यांची चाकं करत. त्यांच्या रंध्यावर आणि आईच्या उपासतापासांवर माझं कॉलेज झालं होतं. तीच आई माजघरातून बाहेरच्या खोलीत खाटेवर आली आणि महिना-दीड महिना तिथंच राहिली. ताप उतरला, पण ती खाईना. मऊ भात पुढे केला की दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या होत्या.

आमचे डॉक्टर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू होते. शनिवारी दवाखाना बंद ठेवायचे, बाकी सहा दिवस सगळ्या गावाला अस्सल मराठीत रागवायचे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "माझं औषध संपलं, मास्तर. आता तिला भूक लागली पाहिजे. अंगात ताकद आली नाही, तर पुढचं दुखणं तिला झेपायचं नाही. दिवाळीची सुट्टी आहे ना तुला? माथेरानला घेऊन जा. हवापालट होऊ दे."

अप्पांना ते पटलं नाही. "हवा पालटायची म्हणजे काय? आपल्याकडे सकाळचा वारा तिथूनच खाली येतो."

"डॉक्टर सांगतात, अप्पा."

"आणि तिथं उतरायचं कुणाकडे? आपलं कोण आहे तिथं?"

कुणाकडे लग्नकार्य नाही, कुणी गेलेलं नाही, देवाचा नवसही नाही, तरी माणसं गाव सोडून निघतात आणि अनोळखी घरात चार दिवस राहतात, हे त्यांना मी समजावून सांगत होतो. खरं तर मलाही ते तितकंसं समजलेलं नव्हतं. शेवटी आईच म्हणाली, "एवढा शिकलाय, म्हणतोय तर जाऊ या." माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला तो असा.

कर्जतपर्यंत एस.टी., तिथून नेरळ, आणि नेरळहून ती छोटी आगगाडी. वळणावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे आपल्याला दिसतात, याची आईला फार गंमत वाटली. वर पोचल्यावर तिला माणसांनी ओढायच्या रिक्षात बसवलं. ओढणारा तिथलाच ठाकर आदिवासी होता. तिला उचलून बसवताना म्हणाला, "आई, घट धरून बसा. तुमाला वजनच नाय, वाऱ्यानं उडाल." आई हसली. अप्पा रिक्षात बसायला तयार झाले नाहीत. तांबड्या मातीतून रिक्षाच्या शेजारी चालत राहिले आणि सगळी वाट डाव्या चाकाकडे बघत होते.

आम्ही उतरलो ती खानावळ एका पोक्त बाईंची होती. बाई मायाळू होत्या आणि तोच आमचा घोटाळा झाला. दुपारी पंगत बसली. एका बाजूला पुरुष, समोर बायका. आई आयुष्यात पहिल्यांदा आमच्याबरोबर जेवायला बसली होती, तीही अप्पांच्या बरोबर समोर. मी मनात सुखावलो. आज आईला कुणीतरी वाढतंय, असं वाटलं. बाई तिच्या पानाशी उभ्या राहिल्या.

"वहिनी, आमच्या हातचं गोड लागत नाही का?"

"छान झालंय सगळं."

"मग? एवढ्यानं चिमणीचं तरी पोट भरेल का? तूप घ्या."

इकडून मी म्हणालो, "आई, घे ना." अप्पांनीही मान वर करून पाहिलं. शेजारच्या मुंबईच्या पाहुण्या बाई म्हणाल्या, "आजारातून उठलेल्या माणसानं खायला हवं." आईनं पदर पुढे ओढला, भाताचे दोन घास गिळले आणि पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. रात्री तसंच. दुसऱ्या दिवशी तसंच. हवा छान होती, झोप लागत होती, पण आई आली तशीच होती. मला डॉक्टरांचे शब्द आठवत राहिले.

तिसऱ्या दिवशी आम्ही तलाव बघायला निघालो. बाईंनी डब्यात भाकऱ्या, पिठलं आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. झाडांच्या दाट सावलीतून वाट जात होती. आई दर थोड्या अंतरावर बसायची, मग उठायची. झाडी संपली आणि एकदम पाणी दिसलं. पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं, हिरवट, अगदी स्थिर. चहूबाजूंच्या जांभळीच्या फांद्या पाण्यावर वाकलेल्या. काठावर महादेवाचं छोटं देऊळ होतं. पाण्यात उतरू नये, काही धुऊ नये, अशी पाटी होती, कारण सगळं माथेरान हेच पाणी पितं.

आईनं ती माझ्याकडून वाचून घेतली. "एवढं पाणी उघड्यावर," ती म्हणाली, "आणि कुणी त्यात हात घालत नाही."

एका झाडाखाली तिनं डबा उघडला. मी तिला आधी खायला सांगितलं. "तुम्ही बसा, मी मागून," ती म्हणाली. घरी रोज हेच म्हणायची, म्हणून मी पुढे बोललो नाही. आमचं खाणं होत आलं, इतक्यात वरच्या फांदीवरून एक माकड उतरलं आणि अप्पांच्या डोक्यावरची टोपी घेऊन पसार झालं.

अप्पा टोपीशिवाय घराबाहेर कधी दिसले नव्हते. ते तसेच उष्ट्या हातानं धावले, त्यांच्या मागे मी. माकड या झाडावरून त्या झाडावर जाई, टोपी हुंगून बघे आणि आमच्याकडे दात काढी. "मास्तर, बी.ए.ला हे शिकवलं नाही का?" अप्पा झाडाखालून माझ्यावरच ओरडत होते. शेवटी टोपीत खाण्यासारखं काही नाही हे माकडाला पटलं असावं. त्यानं टोपी खाली टाकली.

आम्ही धापा टाकत परत आलो, तर आई डब्याचं झाकण लावत होती. झाकण लावायच्या आधी मला आत दिसलं. एकही भाकरी उरली नव्हती.

"भाकऱ्या कुठं गेल्या?" अप्पांनी विचारलं.

"दुसरं माकड आलं होतं," आई म्हणाली.

तिच्या हनुवटीला पिठलं लागलं होतं.

अप्पा टोपी झटकत राहिले. मला मात्र तेव्हा एकदम लक्षात आलं, की आईला पोटभर जेवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमची पानं उठली की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, आणि पुढचं आम्हाला माहीत असायचं ते पालथ्या घातलेल्या ताटावरून. तशीच तिची आई जेवली, तशीच तिची सासू. आजारात आम्ही तिला बाहेरच्या खोलीत आणलं, खाटेभोवती उभे राहिलो आणि म्हणालो, खा. माथेरानला आणलं, पंगतीत नवऱ्याच्या समोर बसवलं आणि म्हणालो, खा. चारचौघांच्या डोळ्यांसमोर तिचा घास घशाखाली उतरत नव्हता, आणि आम्ही हवा पालटत होतो.

हे अप्पांच्याही लक्षात आलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळीच त्यांनी बाईंना सांगितलं, "आजही डबाच द्या. भाकऱ्या जरा जास्त घाला. तलावावर माकडं फार आहेत."

तलावाशी आल्यावर आम्ही दोघांनी जेवून घेतलं. मग अप्पा उठले, टोपी घट्ट बसवली आणि चार पावलं पुढे जाऊन पाण्याकडे तोंड करून बसले.

"मास्तर, इकडे या. तलाव बघायचा. मागं वळायचं नाही."

मी जाऊन शेजारी बसलो. मागून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग बांगड्या वाजल्या. आम्ही पाणी बघत राहिलो. वाऱ्याची झुळूक आली की पाण्याचा हिरवा रंग मोडायचा आणि पुन्हा जुळायचा. एक खंड्या वाकलेल्या फांदीवर कधीचा बसून होता. मी अप्पांना काही विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी नुसता हात वर केला. किती वेळ बसलो कोण जाणे. लोक इतक्या लांबून हे असं काही न करता बघायला का येतात, ते मला त्या दिवशी थोडंफार समजलं.

रोज आम्ही तसंच केलं. परतताना आई वाटेत कमी वेळा बसू लागली. रात्री खानावळीतही ती मागून, बाईंच्या सोबतीनं आत चुलीपाशी जेवू लागली. ते तिनं स्वतःच ठरवून घेतलं होतं.

निघायच्या दिवशी गाडी दुपारनंतर होती, म्हणून सकाळी आम्ही शेवटचे तलावावर गेलो. आम्ही जेवलो, पुढे जाऊन बसलो. झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मग पाचोळ्यावर पावलं वाजली. आई हातावर भाकरी घेऊन आली आणि अप्पांपासून हातभर अंतरावर बसली.

"रोज एवढं काय बघता," ती म्हणाली, "ते मला पण बघू द्या."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. अप्पांनी मान वळवली नाही. मीही नाही. आम्ही तिघं पाण्याकडे बघत बसलो, आणि आई जेवत होती.