टाकीच्या झाकणावरचं वजन

गोदामांची लांब भिंत संपते तिथे वन्सं हातातली पिशवी खाली ठेवायला वाकल्या आणि तशाच पुन्हा उभ्या राहिल्या. खाली कुणीतरी थुंकलं होतं. "शी! माणसं आहेत का नळ," म्हणत त्या चार पावलं पुढे सरकल्या, रुमाल अंथरला, त्यावर पिशवी ठेवली आणि मला विचारलं, "ठकीला माझ्या गाडीतून कधी काढलं तुम्ही?"

"काढलं कुठे वन्सं? हे म्हणाले, मी सोडतो स्कूटरवर. गाडीत गर्दी होते म्हणाले."

"गर्दीचं राहू दे. वार सांग."

वार आठवायला मीही पिशवी खाली ठेवली. बोटांना वळ पडले होते. आमच्या दोघींच्या पिशव्यांत एकेक लोखंडी डिस्क होती, आठ-नऊ किलोची, गाडीच्या पुढच्या चाकात ब्रेकसाठी असते ती. दोन महिने त्या माझ्या घरी होत्या आणि मला त्या काय आहेत हे माहीत नव्हतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी; यांना त्या अजून बाळ्याच म्हणतात. त्यांच्याकडे सोळा वर्षांची जुनी, उंच, तीन ओळी बाकांची गाडी आहे. तिच्यातून त्या शाळेची मुलं ने-आण करतात. ठकी, माझी मुलगी, धरली तर सात. पुढच्या ब्रेकचे पॅड आणि डिस्क दोन्ही बदलायला झालेत असं गॅरेजवाल्याने सांगितलं, तेव्हा यांनी बहिणीला म्हटलं, गॅरेजला कशाला देतेस, मी घरी करतो, फोनवर सगळं दाखवतात. एका रविवारी दिवसभर गाडीखाली झोपून यांनी काम केलं, संध्याकाळी हात काळे करून आले, आणि "दोन्ही बदललं, आता पाच वर्षं बघायला नको" असं सांगितलं. वन्संनी त्यांना दोन्ही हातांनी वाढलं त्या दिवशी.

त्याच आठवड्यात आमच्या गच्चीवर दोन गोल लोखंडी वस्तू आल्या. "कारखान्यातलं भंगार आहे, वजनाला ठेव," हे म्हणाले. पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडायचं. एक त्याच्यावर ठेवली, दुसरी गुलाबाच्या कुंडीखाली. मी कौतुकसुद्धा केलं की बाई, यांना घरातलं लक्षात राहतं. दर आठवड्याला मी त्यांच्यावर फडकं फिरवायचे. देवाने रोज डोळ्यांपुढे ठेवलं होतं आणि मी त्याची धूळ पुसत होते.

त्या दिवशी सकाळी वन्सं चालत आमच्याकडे आल्या. ब्रेक दाबला की कर्रर्र आवाज येतो, स्टिअरिंग थरथरतं, हे त्या यांना दोनदा सांगून बसल्या होत्या. "नवे पॅड बसायला वेळ घेतात," हे उत्तर. आता त्यांना गाडी बाहेर काढायचाच धीर होईना, म्हणून भावाला समोरासमोर विचारायला आल्या. शाळेला सुट्टी होती, पण हे पहिल्या पाळीला गेलेले. माझ्याबरोबर कपडे वाळत घालायला त्या गच्चीवर चढल्या, आणि ओला टॉवेल हातात तसाच धरून टाकीपाशी थांबल्या.

"हे काय गं?"

"वजन."

"वजन," त्या म्हणाल्या. "दुकानातून मीच आणून दिलं होतं हे वजन. पुठ्ठ्याच्या खोक्यात."

वन्संचं घर चार किलोमीटरवर. सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्याला बस नाही, आणि भाड्याच्या गाडीत वन्सं बसत नाहीत, त्या सीटवर कोण कोण बसलंय कुणाला ठाऊक म्हणून. तर आम्ही चालत होतो, आणि मी वार आठवत होते.

"सोमवार," मी म्हटलं. "यांनी तुमचे ब्रेक केले ना, तो रविवार. त्याच्या दुसऱ्याच दिवशी यांनी ठकीला—"

बोलून गेले आणि मग मी काय बोलले ते मला कळलं.

वन्संनी रुमाल झटकला, घडी केली, पिशवी उचलली आणि चालायला लागल्या. वाटेत सुट्या भागांच्या दुकानात त्यांनी नवे पॅड घेतले; झिजल्या डिस्कवर आधीचे गेलेच असणार.

गाडीतली मुलं त्यांना शी-आत्या म्हणतात. नाकात बोट गेलं, शी. डब्याला झाकण नीट नाही, शी. एका मुलाने चावलेला खोडरबर मित्राला दिला तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेऊन दोघांचे हात धुवायला लावले. सीटवरच्या चादरी दर शनिवारी उकळत्या पाण्यात. यावरून घरात सगळे त्यांची टर उडवतो. पण ज्या बाईने एकवीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात काम केलं, तिला घाणीची किळस असेल कशी? रक्त, पू, उलट्या, सगळं त्यांनी हातांनी धुतलं. जेवताना सांगायच्याही, आमचे घास अडकायचे. त्यांना किळस होती ती एकाच गोष्टीची. तिथे काही बायका डाग निघाला नाही की चादरीची घडी डाग आत जाईल अशी घालायच्या. वरून पांढरीशुभ्र. "आणि तिच्यावर कुणाचं तरी ऑपरेशन झालेलं पोर झोपणार," वन्सं म्हणायच्या. अशी चादर सापडली की त्या पूर्ण गठ्ठा उलगडायच्या, मग भले पाळी संपून जावो. त्यामुळे त्यांच्याशी तिथे फार कुणी बोलत नसे.

वन्संचे यजमान गेले तेव्हा त्यांची ही गाडी मागे राहिली. सासरचे म्हणाले, विकून टाका, बाईमाणसाला काय करायची. वन्संनी त्रेचाळिसाव्या वर्षी परवाना काढला. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, कारण परीक्षकाने खिडकीतून शेंगांची टरफलं टाकली आणि वन्संनी गाडी थांबवून त्यांना ती उचलायला सांगितलं.

वन्संच्या घरी पोचलो तर त्यांच्या शेजारचे डेपोकाका आमच्या आधी खुर्ची टाकून बसले होते; वन्संनी सकाळीच फोन करून ठेवला होता. बसच्या डेपोत एकतीस वर्षं चाकं खोललेला माणूस, आता कंबरेने गेलेला. "मी फक्त तोंडाने काम करणार," त्यांनी आधीच सांगितलं. "आमची मंडळी म्हणते, आधी तरी वेगळं काय करत होता."

मागच्या चाकांना विटा लावल्या. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल केले. त्यासाठी वन्सं पान्यावर दोन्ही पायांनी उभ्या राहिल्या, साडीचा काचा मारून. मग जॅक, जॅकशेजारी आधाराला लोखंडी घोडी, मग चाक बाहेर. आत सगळीकडे काळी, बारीक भुकटी बसलेली. फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, छातीत जाते, असं काका ओरडले. फडकं तीनदा पिळलं. पाणी गटारासारखं.

पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सोडवला आणि तारेने वर टांगला, म्हणजे त्याच्या नळीवर भार येत नाही. आता ती जुनी डिस्क समोर होती. वन्संनी तिच्या काठावरून बोट फिरवलं. ताटाला असतो तसा कंगोरा आलेला, मध्ये खरवडून खरवडून चऱ्या पडलेल्या.

काकांनी मापाची पट्टी लावायला सांगितली. "कडेवर आकडा कोरलेला असतो, याच्याखाली झिजू द्यायची नाही. ही कधीच खाली गेलीय. आणि ही केसासारखी रेघ दिसते का? चीर आहे. पूर्ण भरलेली गाडी, शाळेजवळचा उतार, एखाद्या दिवशी तुकडा पडला असता."

"काका, बदलली का नसेल हो त्यांनी?" मी विचारलं.

"बदलायला गेला होता की. हे बघ, हातोडीचे घाव. एक, दोन, तीन, चार. गंजून चिकटलीय मागे. पाचव्याला साहेब दमले."

"मग आता कशी निघेल?"

"ही दोन भोकं दिसतात? आटे आहेत त्यांत. यांत बोल्ट फिरवायचे, आळीपाळीने. डिस्क आपणहून पुढे येते."

वन्संनी गंज सुटायचं तेल मारलं, दोन बोल्ट घेतले आणि फिरवायला लागल्या. अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे. मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण पलीकडच्या घरात कुकर लावला होता, त्याच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत टण्ण करून डिस्क सुटली.

"एवढंच?" वन्सं म्हणाल्या.

"एवढंच."

त्या नळापाशी गेल्या आणि मला वाटलं हात धुतायत. उलटी होत होती त्यांना. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं. मी पाठीवर हात ठेवला.

"वन्सं, त्यांना एवढं कळत नसेल हो. वाटलं असेल, चालतंय, चालू दे."

"कळत नव्हतं, तर स्वतःची पोर का उतरवली?"

मी नळ मोठा केला.

"आई कामाला जायची तेव्हा हा माझ्या कंबरेवर असायचा," त्या तोंड पुसत म्हणाल्या. "याची शी-शू मी काढली, नाक मी पुसलं. मी नऊ वर्षांची होते. तेव्हा कधी शी म्हटलं नाही गं मी. आज म्हणते." आणि पुन्हा चाकापाशी जाऊन बसल्या.

नव्या डिस्कवर गच्चीचा तांबूस गंज चढला होता. काका म्हणाले, वरवरचा आहे, पॅड लागले की जाईल, पण तेलाचा अंश राहता कामा नये. यातलं वन्संना कुणी शिकवायला नको होतं. गरम पाणी, साबण, घासणी. मग कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसून कापड उजेडात धरलं. पिवळट दिसलं. पुन्हा साबण. चौथ्या वेळी कापड पांढरं आलं तेव्हा कुठे डिस्क चाकात गेली. डिस्क बसायची जागा मी तारेच्या ब्रशने घासली. माझ्या नखांत गेलेलं काळं पुढे आठवडाभर निघालं नाही, कणीक मळताना लाज वाटायची. कॅलिपरचा दट्ट्या शिकंज्याने मागे रेटला, तेव्हा वरच्या डबीत ब्रेकचं तेल चढलं आणि शिळ्या मासळीसारखा वास सुटला. वन्सं नाकाला पदर न लावता बघत राहिल्या. नवे पॅड घातले, बोल्ट आवळले. काका प्रत्येक बोल्टला विचारायचे, "आवळला? पुन्हा बघ." दुसरं चाक पहिल्याच्या निम्म्या वेळात झालं.

"आता गाडी लगेच काढायची नाही," काका म्हणाले. "आधी बसून पेडल दाबायचं. पहिल्यांदा पाय थेट खाली जाईल. घट्ट लागेपर्यंत दाबत राहा."

मी दुसऱ्या बाजूने चढायला गेले. "उतर," वन्सं म्हणाल्या. "आधी मी एकटी."

गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत त्या दहा-बारा वेळा गेल्या, दर वेळी जरा जास्त वेगाने, दर वेळी थांबत. मी फाटकाशी उभी राहून देवाचं नाव घेत होते, पण कुणासाठी घेतेय ते मलाच कळेना. हात जोडले की डोळ्यांपुढे हेच यायचे, स्कूटरवर पुढे ठकीला घेऊन, हसत. तिला दप्तर नीट दे म्हणून मला सांगणारे. दोन महिने मी त्या बापाच्या मायेचं कौतुक शेजारपाजारी सांगितलं होतं. त्या वेळात सहा मुलं त्या उतारावरून रोज खाली आली होती. त्यांच्या आयांना मी ओळखते. एकीकडून मी दही आणते.

मग त्यांनी मला घेतलं आणि आम्ही शाळेच्या उतारावर गेलो. ऊन कलायला लागलं होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. मधोमध त्यांनी ब्रेक दाबला. गाडी एखाद्या शहाण्या म्हशीसारखी उभी राहिली. आवाज नाही, थरथर नाही. वन्संनी पुन्हा वर नेली, पुन्हा उतरवली. पाच वेळा. मग म्हणाल्या, "आता ठीक."

परत आलो तेव्हा जुन्या दोन्ही डिस्क ओट्यावर निथळत होत्या. निघण्याआधी वन्संनी त्याही घासून ठेवल्या होत्या. मी विचारलं, भंगार घासायचं कशाला?

"तुझ्या टाकीवर ठेवायच्या ना परत. पिण्याचं पाणी आहे." एक त्यांनी माझ्या पिशवीत घातली. "दुसरी कुंडीखाली. होत्या तशाच. तो कधी वाकून बघणार नाही."

"म्हणजे यांना सांगायचं नाही?"

वन्सं ओट्यावर टेकल्या. नखांवर ब्रश चालवत होत्या, एकेका नखावर सावकाश. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते; धाकट्या जावेला सांगावं तसं त्या मला सगळं हुकूम म्हणून सांगतात, हे आण, ते ठेव. त्या दिवशी पहिल्यांदा विचारल्यासारखं बोलल्या.

"एक करशील माझ्यासाठी? उद्या बाळ्याची दुसरी पाळी आहे, सकाळी घरीच असेल तो. मी तुमच्या दाराशी आले की ठकीला तयार करून माझ्या गाडीपाशी घेऊन ये, त्यालाही बरोबर आण. ब्रेक बदलल्याचं बोलू नकोस. ठकीला पुढे, माझ्या शेजारी बसव, आणि दार त्याला लावायला सांग. बाकीची सहा मागे असतील. तो तोंड उघडतो का, मला बघायचंय. आणि नाही उघडलं, तरी तू मध्ये बोलू नकोस. मी गाडी सुरू करेपर्यंत बोलू नकोस. एवढं कर."