पाण्याआधीचे गुण

नीलगाईंना गुण द्यायचे, हे माझं काम होतं. एक ते पाच. एक म्हणजे नुसता हाडांचा सापळा, पाच म्हणजे धष्टपुष्ट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, जळगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रबंधासाठी मी हा विषय घेतला, तेव्हा एकजण मला तोंडावर म्हणाले, रानातली जनावरं मोजायची असतात, त्यांची खुशाली कसली विचारता? मला राग आला. किती आहेत याच्याआधी ती कशी आहेत हे विचारायला काय हरकत होती, हे मला आजही कळलेलं नाही.

गुण द्यायची रीत मी मामांकडून उचलली. मामा पाचोऱ्याकडचे, गुरांच्या बाजारातले दलाल. बैलाला हात न लावता, दहा पावलांवरून ते त्याची तब्येत सांगत. बरगड्या मोजता येतात का, पुठ्ठ्याचं हाड किती वर आलंय, कुशीतला खळगा किती खोल. लहानपणी त्यांच्यामागे बाजारात हिंडून माझी नजर थोडी तयार झाली होती. लांबून सगळ्यात स्वच्छ दिसतो तो कुशीतला खळगा, म्हणून निम्मे गुण मी त्यालाच ठेवले. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना ही रीत फार आवडली.

रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, उन्हाळाभर टिकणारा एक डोह होता. तिथे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा आडोसा करून मी पहाटेपासून बसे. पाण्यावर येणारी नीलगाय इतकी बिचकलेली असते की दुर्बीण उचलली तरी पळते. म्हणून माझा नियम होता: पाणी पिऊन होईपर्यंत हलायचं नाही. पिऊन झालं की ती जरा वेळ निवांत उभी राहते. तेव्हा दुर्बीण उचलायची आणि गुण द्यायचे. या संयमाचा मला अभिमान होता.

माझ्या गुणांवर एक निर्णय अडला होता. डोहाच्या वरच्या उतारावर गावाची गुरं चरत. उन्हाळ्यात तो उतार गुरांना बंद करावा का, हे जंगल खात्याच्या साहेबांना ठरवायचं होतं. रानातली जनावरं उपाशी असतील तर बंद, नाहीतर नाही. पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी मी लिहून दिलं: सरासरी चार, अवस्था चांगली. पुढच्या वर्षासाठीही उतार खुला राहिला. गाव खूश झालं. मी सायकलवरून उतरले की कोणीतरी केळीची फणी हातात ठेवी, आणि मी ती आनंदाने खाई.

दुसऱ्या उन्हाळ्यात मामा रावेरला लग्नाला आले. भाचीचा बाजार बघायचाय म्हणाले. मी त्यांना आडोशात नेऊन बसवलं आणि तंबाखूची डबी काढून घेतली. पाच माद्या आल्या, प्यायल्या, उभ्या राहिल्या. मी वहीत चार, चार, साडेतीन असं लिहीत होते. मामांनी वहीत डोकावलं. माद्या गेल्यावर म्हणाले, "माय, यासले तू पाणी पेवाना पहिले देखस का नही?"

नाही, मी म्हटलं. तेव्हा हलता येत नाही.

"मंग हाई पोट चारानं नही शे, पाणीनं शे. बाजारना आदला दिन बैलले मीठ चारतस, सकायमा पोटभर पाणी पाजतस. बैल भरेल दिसस. हाई त बठ्ठा दलालसले माहीत शे."

मीठ चारून, पाणी पाजून बैल भरलेला दाखवतात, हे मलाही माहीत होतं. त्यांच्याच मागे हिंडताना मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बाजारात फसवायला माणूस असतो. रानात कोण फसवणार, असं मी धरून चालले होते.

त्यानंतर आठ दिवस मी दुर्बीण आधीच फांदीला बांधून ठेवली आणि माद्या पाण्याकडे येत असतानाच त्यांना पाहिलं. पोटं खपाटीला गेलेली. पिऊन झाल्यावर चार दिसणारी मादी प्यायच्या आधी दोन होती, कधी दीड. मला शरम वाटली, आणि मामांचा उगाच रागही आला.

सर म्हणाले, पद्धतीची मर्यादा म्हणून एक परिच्छेद घाल, प्रबंध अडवू नकोस. मी प्रबंध मागे घेतला आणि साहेबांना स्वतः पत्र नेऊन दिलं: माझा अहवाल चुकीचा आहे. साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. उतार बंद करू म्हणाले, पण आता वैशाख चाललाय, गवत संपलंय. बंदी पुढच्या साली कामाला येईल. पुढच्या साली ती खरंच आली, आणि गावाने मला केळी देणं बंद केलं. ते रास्तच होतं.

पण तो वैशाख अजून सरायचा होता. पत्र दिल्यावर चौथ्या दिवशी एक मादी एकटीच आली. तिचा डावा कान फाटलेला होता, त्यामुळे मी तिला ओळखत होते. तिचे मागच्या उन्हाळ्यातले सगळे गुण वहीत होते, एकदाही चारच्या खाली नाहीत. या वेळी डोह वीस पावलांवर राहिला असताना तिने पुढचे गुडघे टेकले आणि ती खाली बसली. मी नियम मोडून उठले, तांब्यात पाणी घेऊन तिच्यापर्यंत गेले. ती बिचकली नाही. तांब्या तोंडाला लावला तरी ती प्यायली नाही.

बाजारात जनावर ओळखण्यात चूक झाली तर ती करणारा, विकत घेणाराच, बुडतो. इथे चूक मी केली होती, आणि माझी फक्त प्रबंधाची दोन वर्षं गेली.