गवताचं छप्पर
तरोट्याची रानभाजी फोडणीत पडली, की हिंगणीजवळच्या टेकडीवरचं हॉटेल आठवतं. त्याच्या नव्या खोल्यांची आर्किटेक्ट मी; छतावर माती टाकून गवत लावलं होतं. टेकडी कुठं संपते नि छत कुठं सुरू होतं तेच कळत नव्हतं. मालकाला कठडा नको होता. “नजरेले खुपते, मॅडम.” एका सकाळी त्याची आई, मान खाली घालून गवतात उगवलेला तरोटा खुडत, छताच्या काठाकडे निघाली. काठाखाली दोन पुरुष खोलवर खडक होता. हाक मारावी तर दचकून तोल जायचा. माझ्या शेजारी उभा मालक पुटपुटला, “मॅडम, काही करा ना!” मीही वाकून तरोटा खुडत तिच्याजवळ पोचले आणि तिचं मनगट घट्ट धरलं. “काऊन वं पोरी, हात मोडतं का माह्या?” म्हातारी करवादली. हल्ली कुणी कठडा नको म्हणालं, की मी वाद घालत नाही. आईला घेऊन छतावर या म्हणते.